गाणं पलीकडच्या आळीतलं

दर ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि त्यांच्या अधेमधे गाण्यांचेही. पूर्वी तिथे कॅसेटी विकल्या जात, मग सीडी आल्या, नंतर पेनड्राइव्ह. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनालाही हेच दिसतं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं परत जाताना पुस्तकांबरोबर गाणीही घेऊन जातात. त्या गाण्यांचे कवी, शाहीर आणि गायक त्यांना नावानिशी ठाऊक असतात. आणि तरी ‘रोजच्यापेक्षा वेगळं, फारसं कुणी न ऐकलेलं काहीतरी हवंय’ असं म्हणणाऱ्या शहरी मराठी रसिकाच्या यादीत आइसलँडचा बँड सापडतो, मालीचा गिटारवादक सापडतो. भीमगीत बहुधा सापडत नाही.

रसिकाला टोमणा मारण्यासाठी हे लिहिलेलं नाही. आइसलँड आणि माली दोन्ही ऐकावेत. पण नव्या संगीताचा शोध या विषयावर बोलताना आपण असं धरून चालतो, की प्रवाहाबाहेरचं संगीत कुठेतरी दूर, दुर्मीळ, धुळीत पडलेलं असतं आणि ते खणून काढावं लागतं. महाराष्ट्र-गोव्यातला शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव वेगळं सांगतो. इथे प्रवाहाबाहेर राहिलेलं बरंचसं संगीत भर चौकात, कर्ण्यावर वाजत होतं. ते ऐकू येत नव्हतं, कारण ते दुसऱ्या वस्तीत वाजत होतं. रेकॉर्ड, रेडिओ, कॅसेट, मैफल आणि आता मोबाइलवरचा अल्गोरिदम, या प्रत्येकाने अशी एखादी भिंत पाडली आणि बहुतेक वेळा दुसरी बांधली. कोणती पाडली आणि कोणती बांधली, याचा हिशेब मांडला तर आजच्या श्रोत्याने काय करावं हेही बरंचसं उलगडतं.

तीन मिनिटांची चाळण

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकडी जर्मनीत छापली जाणार होती आणि लेबल चिकटवणाऱ्याला गायिका कोण हे कळायला हवं होतं. भारतातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत तवायफा, कलावंतिणी आणि नाटक कंपन्यांतल्या गायिका मोठ्या संख्येने दिसतात. अनेक नामांकित उस्ताद-बुवांना त्या भोंग्यासमोर गाणं कमीपणाचं वाटे. ‘आपली विद्या बाजारात जाईल’ ही भीतीही होती.

त्यामुळे एक गंमत झाली. ज्या गायिकेच्या माडीची पायरी चढणं घरंदाज माणसाला अवघड, तिचा आवाज तबकडीवरून थेट त्याच्या दिवाणखान्यात आला. बायकांनी तो पहिल्यांदा घरबसल्या ऐकला. नाटकवाल्यांना तर तबकडीचीही गरज पडली नव्हती: १९१९च्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या पदांच्या चाली बाई सुंदराबाईंकडून घेतल्या गेल्या. बैठकीच्या लावणीतली नजाकत बालगंधर्वांच्या गळ्यातून सभ्य घरांत पोहोचली. ती मूळ कुठून आली हे मात्र पदं गुणगुणणाऱ्या अनेकांना माहीत नव्हतं.

चाळणही तिथेच बसली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. त्यात बसेल ते गाणं टिकलं. रात्रभर चालणारं गोंधळाचं आख्यान, तासभराचा पोवाडा, जात्यावर दळण संपेपर्यंत चालणारी ओव्यांची माळ यांना त्या मापात जागा नव्हती. भावगीत मात्र त्या मापाला अचूक बसलं आणि मराठी घराघरांत रुजलं, यात त्या काळच्या संगीतकारांच्या प्रतिभेइतकाच तबकडीच्या लांबीचाही वाटा आहे.

या तबकड्यांचं पुढे काय झालं, तर बरंचसं भंगारात गेलं आणि थोडं संग्राहकांनी वाचवलं. मुंबईत १९९०मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था त्यासाठी महत्त्वाची. चोर बाजारातून तबकड्या जमवणाऱ्या हौशी लोकांनी एकत्र येऊन याद्या केल्या, ऐकण्याच्या बैठका भरवल्या, नियतकालिक चालवलं. जुनं संगीत नव्याने सापडण्याचं बरंचसं काम विद्यापीठांच्या आधी अशा छांदिष्टांनी केलं आहे.

आकाशवाणी: दार उघडणारी आणि लावून घेणारी

रेडिओची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिकीट परवडत नाही, शहरात येता येत नाही, अशा माणसाच्या घरात आकाशवाणीने अव्वल दर्जाचं शास्त्रीय संगीत फुकट नेलं. १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीतं वर्षभर ऐकवली गेली. आधी कुणी न ऐकलेलं गाणं दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येतं आणि सगळा महाराष्ट्र त्याची वाट पाहतो, असा प्रकार त्याआधी झाला नव्हता. गदिमा आणि सुधीर फडके यांची निर्मिती पहिल्या दिवसापासून प्रवाहात होती, कारण प्रवाह कोणता ते रेडिओच ठरवत होता.

पण कोण गाणार हेही तिथेच ठरत होतं. सरदार पटेल माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांच्या खासगी आयुष्याविषयी बोभाटा आहे अशांना नभोवाणीवर मनाई झाली. ज्या वर्गातल्या गायिकांनी रेकॉर्डचं युग उभं केलं, त्यांच्यावरच हा वरवंटा फिरला. हार्मोनिअमला १९४०पासून तीस वर्षांहून अधिक काळ बंदी होती. १९५२मध्ये मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटसंगीताला हलकं मानून त्याला कात्री लावली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला. आकाशवाणीला अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू करावी लागली.

केसकरांची आजवर भरपूर चेष्टा झाली आहे. त्यांची सोवळी अभिरुची चेष्टेला पात्रही होती. पण त्या धोरणामुळेच शेकडो शास्त्रीय कलावंतांना संस्थानांचा आश्रय गेल्यावर सरकारी मानधन मिळालं, हेही खरं. निवड करणारा माणूस असला की आवड आणि आकस दोन्ही येतात. मात्र त्याचं नाव माहीत असतं, त्याच्याशी भांडता येतं आणि काटा फिरवून त्याला हरवताही येतं. अल्गोरिदमकडे वळल्यावर हा मुद्दा पुन्हा लागेल.

कॅसेट: दहा रुपयांची क्रांती आणि तिची हद्द

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅसेट आली आणि ऐंशीच्या दशकात तिने सगळं उलटंपालटं केलं. अमेरिकी संगीतअभ्यासक पीटर मॅन्युअल यांनी १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल तपशिलाने मांडला आहे. तोवर देशातल्या ध्वनिमुद्रणावर एका कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. तबकडी छापायला कारखाना लागतो. कॅसेटची प्रत काढायला दोन यंत्रं आणि एक खोली पुरते. शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि ज्या बोलीला, ज्या जातीला, ज्या जत्रेला रेकॉर्ड कंपनीने कधी विचारलं नव्हतं, तिची गाणी बाजारात आली.

महाराष्ट्रात त्याचा अर्थ कोळीगीतं, लोकगीतं, फडावरच्या लावण्या, देवीची गाणी आणि आंबेडकरी गीतं. यातल्या शेवटच्या परंपरेची मुळं सत्यशोधक जलशांत आणि त्यातून घडलेल्या आंबेडकरी जलशांत आहेत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली आणि गायली. त्यांची गाणी पुढे कॅसेटवाल्यांमुळे घरोघर वाजू लागली. पण कुठल्या घरोघर?

प्रल्हाद शिंदे यांचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. त्यांच्या पहाडी आवाजातली विठ्ठलाची गाणी मराठी घरांत सरसकट पोहोचली. आषाढी-कार्तिकीला ती अजून वाजतात आणि ऐकणारा जात विचारत नाही. याच आवाजाने भीमगीतंही तितक्याच ताकदीने गायली, आणि ती मात्र एका समाजाच्या वस्त्यांत राहिली. गायक एक, कॅसेटची किंमत तीच, दुकानही कधी एकच. म्हणजे अडसर आवाजाचा, दर्जाचा किंवा उपलब्धतेचा नव्हता. स्वस्त तंत्रज्ञानाने गाणं तयार करण्याची भिंत पाडली. ऐकण्याची भिंत होती तिथेच राहिली.

त्या भिंतीपलीकडे कॅमेरा गेला तेव्हाचं दृश्य आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेलं चित्रीकरण चौदा वर्षं चाललं आणि गाणी त्याचा कणा झाली. मुंबईतल्याच कित्येक प्रेक्षकांनी या शहरातले हे शाहीर आणि त्यांची गाणी प्रथम ऐकली ती या माहितीपटात. लोकलने अर्ध्या तासावर असलेलं गाणं त्यांच्यापर्यंत यायला माहितीपट लागला.

शोधणारी माणसं

प्रत्येक काळात काही माणसं ही भिंत ओलांडून गेली. त्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत.

कुमार गंधर्व १९४८च्या सुमारास क्षयावर उपचार म्हणून देवासला गेले. गाणं बंद, अंथरुणावर पडून राहायचं. त्या काळात माळव्याच्या बायकांची लोकगीतं आणि नाथपंथी भजनिकांचं निर्गुणी गाणं त्यांच्या कानांवर पडत राहिलं. शेकडो धुनांचा त्यांनी अभ्यास केला. लगनगंधार, संजारी, मालवती यांसारखे धुनउगम राग त्यातून आले, १९६५मध्ये ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ आला आणि निर्गुणी भजन शास्त्रीय मैफलीत मानाने बसलं. ही कलावंताची पद्धत: जे सापडलं ते पचवून स्वतःचं करायचं. तिच्यातून थोर संगीत निर्माण झालं. मूळ गाणाऱ्या बायकांची नावं मात्र श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाहीत.

दुसरी पद्धत अभ्यासकाची. डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात आणि पुढे एनसीपीएमध्ये लोकसंगीत, भक्तिसंगीत, नाट्यसंगीत आणि चित्रपटसंगीत यांना एकाच गांभीर्याने हाताळलं. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ यांसारख्या मंचीय कार्यक्रमांतून त्यांनी शहरी श्रोत्यांसमोर गाणं आणि विवेचन एकत्र ठेवलं. पुढच्या पिढीत भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ (२०१४) या पुस्तकाने आणि त्यावरच्या रंगमंचीय प्रयोगाने लावणीकडे सिनेमाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना प्रत्यक्ष बारीत काय गायलं जातं ते दाखवलं. वाईच्या लावणीगायिका यमुनाबाई वाईकर यांना २०१२मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या, यावरून मान्यता किती उशिरा चालत येते ते कळतं.

तिसरी पद्धत मला सर्वांत निर्दोष वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि माहितीच्या मांडणीची बाजू सांभाळली. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमातून टप्प्याटप्प्याने लोकांपुढे येतो आहे. त्यात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, वय, जात, व्यवसाय, मुलंबाळं अशी नोंद असते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पडली आणि गाण्याचं निमित्त गेलं. पण या नोंदींमुळे ओवी ‘पारंपरिक’ या निनावी खात्यात जमा झाली नाही. ती एका बाईची राहिली.

नाव जाण्याची गोष्ट गोव्यात वेगळ्या वळणाने घडली. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ ज्यांनी बांधला त्यांत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर मोठ्या संख्येने होते. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांतल्या अनेकांना जागा नसे, असली तर साहाय्यक म्हणून. रात्री हेच वादक हॉटेलांत जॅझ वाजवत. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने मुंबईच्या जॅझचा तो काळ परत उभा केला. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या कोकणी गाण्यांभोवती बार्द्रॉय बार्रेटो यांनी २०१४मध्ये ‘नाचूंया कुम्पासार’ हा चित्रपट केला, आणि ज्यांना कोकणी येत नाही तेही त्या गाण्यांवर ठेका धरू लागले. गोव्यातल्या घरांत ती कधी थांबलीच नव्हती.

समोर बसून ऐकणं

सगळी माध्यमं बाजूला ठेवली तरी नवं संगीत सापडण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत पक्की जागा म्हणजे मैफल. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मृतीसाठी १९५३मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात नामवंताच्या आधी एखाद्या तरुण कलाकाराला बसवण्याची रीत आहे. लोक आलेले असतात मोठ्या नावासाठी. ऐकून जातात दोघांनाही. गावोगावच्या म्युझिक सर्कलनी वर्षानुवर्षं हेच केलं. अशा ठिकाणी श्रोता उठून जाऊ शकत नाही, किंवा संकोचाने जात नाही, आणि तेवढ्यात गाणं आपलं काम करून जातं.

मुंबईच्या रंगभवनात १९८६पासून भरलेल्या इंडिपेंडन्स रॉकने इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या देशी पोरांना हक्काचं मैदान दिलं. २०१०पासून पुण्यातल्या एनएच७ वीकेंडरमध्ये एकाच संध्याकाळी पाच-सहा मंच असत, त्यामुळे एका मंचावरून दुसऱ्याकडे जाताना अनोळखी बँड कानांवर पडत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला चाप लावला. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या झोपेचा विचार करता तो हवाच होता. पण रात्रभराची मैफल गेली, पहाटेचे राग मंचावरून जवळजवळ हद्दपार झाले आणि उत्तररात्री रंगणाऱ्या तमाशाच्या वगालाही घड्याळ लागलं.

दुकानंही गेली. काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस २०१६मध्ये बंद झालं. तिथे विक्रेता गिऱ्हाइकाच्या हातातला अल्बम पाहून ‘हा घेताय तर तोही ऐका’ असं सुचवत असे. ते काम आता मोबाइलमधला हिशेब करतो.

तुमच्यासारख्यांनी ऐकलेलं

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९मध्ये आलं; गाना, सावन त्याआधीपासून होते. अशा ॲपांवर आज दहा कोटींच्या घरात गाणी आहेत. निवडीचं यंत्र मुख्यतः दोन तत्त्वांवर चालतं. एक, तुमच्यासारखी गाणी ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकलं ते तुमच्यापुढे ठेवायचं. दोन, गाण्याची लय, पट्टी, वाद्यं यांचं यांत्रिक पृथक्करण करून त्याच्याशी जुळणारं गाणं शोधायचं. २०१५पासून दर सोमवारी तीस गाण्यांची यादी देणारी ‘डिस्कव्हर वीकली’ याच पद्धतीने बनते, आणि ती अनेकदा चकित करण्याइतकी नेमकी असते, हे कबूल करायला हवं.

अडचण पहिल्या तत्त्वात आहे. ‘तुमच्यासारखे’ म्हणजे तुमच्याच आळीतले. ज्या घरांत प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीतं वाजतात पण भीमगीतं वाजत नाहीत, त्या घरांचा हिशेब मांडून यंत्र पुढच्या घरालाही तेच सांगणार. कुणाच्याही मनात आकस नसताना जुनी भिंत आकड्यांत उतरते. केसकरांशी भांडता येत होतं. इथे भांडायला समोर कुणी नाही.

लोकप्रियता लोकप्रियतेला कशी वाढवते याचा एक सुंदर प्रयोग मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केला. २००६मध्ये तो ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडांची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट करून प्रत्येक गटाला आपल्याच गटातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. आकडा दिसू लागताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि मुख्य म्हणजे आठ गटांत वेगवेगळी गाणी वर आली. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही. मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही श्रोत्यांनी ठरवलं. प्रवाहाबाहेर पडलेलं गाणं कमअस्सल असतं हा समज त्यानंतर टिकत नाही.

पैशाचे नियमही वळण लावतात. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं तरच गाणं ऐकलं असं धरतात. साहजिकच लांब आलाप, संथ नमन तोट्यात. २०२४पासून वर्षाला एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. आणि मराठी गाण्यांची मूळ नोंद हा तर वेगळाच गोंधळ आहे. एकाच गायकाचं नाव रोमन लिपीत चार प्रकारे, कवीचं नाव गायब, संगीतकाराच्या जागी कंपनी. ज्याचं नाव नीट लिहिलेलं नाही त्याला यंत्र कुणाशी जोडणार?

याउलट यूट्यूबने केलेलं काम मान्य करावं लागेल. मोबाइलवर चित्रित केलेली एकतारी वाजवत भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात यांची गाणी कुठल्याही कंपनीशिवाय लाखोंपर्यंत गेली. अमरावतीच्या हंड्रेड आरबीएचसारखा रॅपर पुण्या-मुंबईचा शिक्का न घेता ऐकला जातो. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटाने २०१९मध्ये आरेच्या जंगलावर गाणं केलं तेव्हा प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याचा आवाज आणि त्याचं लोकगीत मध्यभागी ठेवलं. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं आणि मराठी हाउस संगीत जगभरच्या नाचघरांत वाजलं. दार उघडं आहे. कोण आत येतं ते मात्र लाटेवर ठरतं, आणि लाट ओसरल्यावर त्या कलावंताची इतर पन्नास गाणी कुणी शोधत नाही.

हेही लक्षात ठेवावं, की बहुसंख्यांना शोध नकोच असतो. २०१७मध्ये पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेला ‘कारवाँ’ नावाचा रेडिओसारखा संच बाजारात आला आणि जोरात खपला. दमूनभागून आल्यावर ओळखीचं गाणं हवंसं वाटणं यात गैर काही नाही. हा लेख ज्यांना त्यापलीकडे जायचं आहे त्यांच्यासाठी आहे.

मग जावं कसं?

पहिला उपाय: गायकाऐवजी बाकीच्या नावांचा माग काढावा. ढोलकी कुणाची, संवादिनी कुणाची, गीत कुणाचं, ध्वनिमुद्रण कुठे झालं. साथीदार अनेक वस्त्यांत वाजवतो. तोच एका आळीतून दुसरीत नेतो. प्रल्हाद शिंद्यांच्या विठ्ठलगीतांचे कवी कोण आणि त्यांनी आणखी काय लिहिलं, एवढा एक धागा धरला तरी महिनाभर पुरेल इतकं ऐकायला मिळतं.

दुसरा: वाद्याच्या आणि गावाच्या नावाने शोधावं, तेही देवनागरीत. संबळ, तुणतुणं, पावरी, तारपा असं टाकून पाहावं. सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेली सुंदरी ऐकावी. सनईहून लहान, पण तिचा आवाज अंगावर येतो. गोव्याचं घुमट ऐकावं. ते पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्यानंतर बकरीचं कातडं आलं आणि २०१९मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. असे शोध यंत्रालाही गोंधळात टाकतात, आणि त्यानंतर ते काही दिवस बरी गाणी सुचवतं.

तिसरा: मराठीच्या नकाशाबाहेरचं मराठी ऐकावं. तंजावरच्या मराठा राजवटीमुळे तामिळनाडूच्या नामसंकीर्तनात मराठी अभंग रुजले. कर्नाटक संगीताच्या मैफलीत अरुणा साईराम अभंग गातात तेव्हा चेन्नईचे श्रोते टाळ्यांनी ठेका धरतात. शब्द आपले आणि गायकी वेगळी, हा अनुभव कानांची सवय झटक्यात मोडतो.

चौथा: एकदा ऐकून निकाल देऊ नये. परिचयाने पसंती वाढते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्येच दाखवून दिलं. अनोळखी ठेका, अनोळखी बोली पहिल्या वेळी कानांना बोचते. तिसऱ्या वेळी तिची गोडी कळू लागते. आठवड्याला तीस नवी गाणी चाखण्यापेक्षा महिन्याला एक गायक पुरता ऐकणं जास्त फळतं.

पाचवा उपाय अवघड आहे, आणि बाकी सगळे त्याच्यापुढे दुय्यम आहेत: जिथे ते गाणं गायलं जातं तिथे जावं. शिमग्याला गोव्यात, जेजुरीला गोंधळ-जागरणाला, आंबेडकर जयंतीला शेजारच्या वस्तीतल्या मंचासमोर. तिथे श्रोता म्हणून जाताना थोडं अवघडायला होतं. ते अवघडलेपण हेच भिंतीचं माप आहे. गाणाऱ्याचं नाव विचारावं, कॅसेट-पेनड्राइव्ह जे असेल ते विकत घ्यावं, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख लिहून घ्यावी.

काही गोष्टी श्रोत्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत आणि त्या मागितल्या पाहिजेत. आकाशवाणी केंद्रांकडे दशकानुदशकांची लोकसंगीताची ध्वनिमुद्रणं आहेत. ती गायक, गाव आणि साथीदार यांच्या नावांसह सर्वांना ऐकता यावीत. शास्त्रीय महोत्सवांनी वर्षाकाठी एक सत्र शाहिराला, गोंधळ्याला किंवा बारीतल्या गायिकेला द्यावं, आणि ते मुख्य वेळेत द्यावं. मराठी ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जुन्या कॅसेटी ॲपवर चढवताना गीतकार-संगीतकारांची नावं भरावीत. यात खर्च फारसा नाही, नुसता कंटाळा आड येतो.

आपली अभिरुची किती रुंद आहे हे पाहायचं असेल तर वर्षअखेरीला ॲप दाखवतं ती ऐकलेल्या मिनिटांची बेरीज कामाची नाही. गेल्या वर्षभरात ऐकलेल्या गाण्यांची यादी काढावी आणि प्रत्येकासमोर लिहावं: हे कुणाच्या घरचं, कुणाच्या सणाचं, कुणाच्या कामाचं गाणं आहे. उत्तरं सगळी आपल्याच घरची निघाली, तर त्यात देश-विदेशातले कितीही बँड असले तरी शोध अजून सुरू व्हायचा आहे.